मापात पाप नको

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी निपाणी तालुक्यातल्या एका डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, गेस्ट लेक्चरर म्हणून. यंदा नेमणुकीचा आदेश उशिरा आला. त्यात जुलैत वेदगंगेचं पाणी चढलं, कॉलेजात पूरग्रस्तांचं काळजी केंद्र उघडलं आणि तळमजल्यावरची आमची लॅब गाळाने भरली. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमधले जेमतेम नऊ आठवडे हाती आहेत. परीक्षेचं वेळापत्रक मात्र तेच. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सांगतात, 'मॅडम, मुलं पुरातून आल्यात. नोट्सची पीडीएफ टाका ग्रुपवर, इंटर्नलला सगळ्यांना वीसपैकी अठरा द्या आणि मोकळ्या व्हा.' अर्धी मुलं मराठी माध्यमातली आहेत, इंग्रजी नोट्स त्यांना पेलत नाहीत. बरीचशी असाइनमेंट एकमेकांची उतरून आणतात. मी कडक वागले तर संकटातल्या मुलांवर अन्याय होईल असं वाटतं, आणि अठरा दिले तर रात्री झोप लागत नाही. माझा स्वतःचा पगारही तीन महिने आलेला नाही. एवढ्यात दर्जा कसा आणि किती सांभाळायचा?
— एक गेस्ट लेक्चरर, निपाणी तालुका

उत्तर

प्रिय मॅडम,

अठरा देऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण तुमची झोप त्यावर अडली आहे. का देऊ नका, हे सांगायला मला माझीच चूक सांगावी लागेल.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. पुढच्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल झालीच नाहीत, पण प्रयोगांची वही, म्हणजे जर्नल, तर हवंच होतं. मी घरी टेबलावर बसून टायट्रेशनची, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून तीव्रता मोजायच्या प्रयोगाची, रीडिंग एका कागदावर लिहिली, फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस मुलांनी ती उतरून काढली. चाळीस जर्नलांत एकच आकडा: 10.2, 10.2, 10.2. खरं टायट्रेशन केलेल्या मुलाचं जर्नल असं नसतं. त्यात एक 10.4 खोडलेला असतो, एक 10.1 असतो, कुठे पानावर अ‍ॅसिडचा पिवळा डाग असतो. मी चाळीसही जर्नलांवर सही केली आणि एकोणीस-वीस गुण देऊन टाकले. त्या वेळी मला वाटलं, मी मुलांचं भलं केलं.

दोनेक वर्षांनी त्यातला एक मुलगा, जांबोटीकडचा, गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत मुलाखतीला गेला. क्वालिटी कंट्रोलची जागा होती. तोंडी प्रश्न त्याने छान सोडवले. मग त्याला आतल्या लॅबमध्ये नेऊन ब्युरेटपुढे, म्हणजे खुणा केलेल्या आणि तळाला स्टॉपकॉकची तोटी असलेल्या काचेच्या नळीपुढे, उभं केलं. तुम्हाला माहीत आहे, डावा हात स्टॉपकॉकला मागून वळसा घालून धरायचा आणि उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही, मनगटाला यावं लागतं. त्याने उलटं धरलं. शेवटी थेंब थेंब सोडून फिकट गुलाबी रंगावर थांबायचं, तिथे धार सुटली आणि फ्लास्क एकदम राणी रंगाचा झाला. समोरच्या माणसाने शांतपणे 'थँक यू' म्हटलं, बस्स. परत जाताना तो माझ्या घरी आला. तक्रार करायला नव्हे, सहज. चहा पिता पिता म्हणाला, 'मॅडम, फिकट गुलाबी म्हणजे नेमका किती फिकट, ते मी कधी बघितलंच नव्हतं ओ.'

मी दिलेले वीस गुण त्या दिवशी त्या पोराकडून वसूल झाले. म्हणून सांगते, खोटा गुण ही मदत नव्हे. ते मुलाच्या नावावर आपण काढलेलं कर्ज आहे, आणि ते फेडायची वेळ येते तेव्हा आपण तिथे नसतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आमच्या आजीकडे शेजारपाजारच्या बायका उसनी जोंधळी न्यायला यायच्या. आजी पायलीच्या जागी दोनच शेर द्यायची, कधी एकच. पण शेर काठोकाठ भरून, वर हात फिरवून द्यायची. एकदा माझ्या काकाने मापाच्या तळाला फडकं दाबून ठेवलं होतं, ते तिने सगळ्यांसमोर उपसून बाहेर काढलं. 'कमी देतोय म्हणून सांग, पण मापात पाप नको' म्हणाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून यापेक्षा नीट देता येत नाही. या सेमिस्टरला कमी शिकवा, पण जे शिकवाल ते काठोकाठ, आणि मोजाल त्याच मापाने.

देशाच्या पातळीवरही हा प्रश्न एकदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. कोरोनाच्या वर्षी यूजीसीने शेवटच्या वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्यायला सांगितली, काही राज्यांना ती रद्दच करायची होती. 28 ऑगस्ट 2020 ला निकाल आला: राज्यांना शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेशिवाय पास करता येणार नाही, पण परिस्थिती तशी असेल तर तारीख पुढे ढकलून मागता येईल. तेव्हा मला तो निकाल निर्दय वाटला होता. आता वाटतं, त्यातली वाट बरोबर होती. सवलत तारखेत मिळाली, मापात नाही.

तेव्हा तुमच्या एचओडींकडे जाताना नुसता नकार घेऊन जाऊ नका. त्यांना वाईटही समजू नका. त्यांच्या मनात मुलांची दया आहे आणि डोक्यावर निकालाची टक्केवारी आहे, नॅकच्या कॉलेज-मूल्यांकनाचा ससेमिरा आहे. त्यांच्यापुढे कागद ठेवा. किती तास बुडाले, काळजी केंद्र किती दिवस होतं, लॅब कधीपासून बंद आहे, हे तारखांसकट लिहा आणि प्राचार्यांमार्फत विद्यापीठाकडे मागणी करा: हजेरीत पुराचे दिवस धरू नका, प्रॅक्टिकल परीक्षा शेवटी ठेवा, जमलं तर आमच्या मुलांना शेजारच्या कॉलेजची लॅब दोन शनिवार द्या. मिळेलच असं नाही. पण मागितलंच नाही तर 'अठरा देऊन टाका' हा एकच उपाय टेबलावर उरतो. आणि इंटर्नलची चाचणी ज्याला जमली नाही, त्याला आकडे बदलून पुन्हा बसवा, लागलं तर तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला सुटलेलं गणित हे सुटलेलंच गणित असतं. पुरातून आलेल्या मुलाला खरी दया ती.

आता नऊ आठवड्यांचं काय करायचं? अभ्यासक्रमाचं पुस्तक घ्या आणि प्रत्येक घटकापुढे स्वतःला विचारा: हे आलं नाही तर पुढच्या सेमिस्टरला मुलगा अडेल का? अडणार असेल तो घटक वर्गात, फळ्यावर, हातांनी. अडणार नसेल तर वाचायला द्या आणि वाचायला दिलंय असं सरळ सांगा. माझा अंदाज, मोलची कल्पना, द्रावणाची तीव्रता, टायट्रेशन आणि अणूची रचना एवढं पक्कं झालं तर पहिल्या सेमिस्टरचा कणा उभा राहतो. बाकीची व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत. आयआयटी आणि आपल्या बेंगळुरूच्या आयआयएससीने मिळून उभं केलेलं ते काम आहे आणि 'स्वयम्' पोर्टलवर 2017 पासून फुकट मिळतं. पण तासाभराचा व्हिडिओ पाठवून मोकळं होऊ नका. कणकुंबीकडच्या पोरांनी रेंजसाठी टेकडी चढून केलेले क्लास मी पाहिले आहेत. कुठली दहा मिनिटं बघायची ते सांगा आणि त्यावर एक प्रश्न द्या. स्वतःच्या आवाजातली पाच मिनिटांची ऑडिओ क्लिप सगळ्यात बरी, डेटा खात नाही.

आणि एक गोष्ट जी तुमच्या एचओडींच्या लक्षात आलेली नसावी. आज पहिल्या वर्षाला बसलेली मुलं कोरोनाच्या वेळी सातवी-आठवीत होती. गुणोत्तर आणि प्रमाण त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर बघितलंय, कितींनी तेही नाही, आणि परीक्षा न देता ती पुढच्या वर्गात गेली. आपण फळ्यावर टायट्रेशनचं सूत्र N₁V₁ = N₂V₂ लिहितो आणि समजतो की मुलाला केमिस्ट्री येत नाही. त्याला केमिस्ट्रीची भीती नसते, तो गुणोत्तरात अडकलेला असतो. म्हणून नऊपैकी पहिला आठवडा बिनधास्त गुणोत्तरावर घाला. एक कप चहाला दोन चमचे साखर, तर साडेसात कपांना किती, इथून सुरू करा. पोर्शन मागे पडेल. पडू दे. हा आठवडा उरलेल्या आठांना पुरून उरेल.

संकट म्हणजे काही यंदाचा पूर नव्हे, हे तुम्हीही जाणता. 2019 च्या ऑगस्टमधला पूर, मग कोरोना, मग 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर चढलेलं वेदगंगेचं पाणी. त्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार कर्नाटकात चार वर्षांची डिग्री आली, ती 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांवर आली, आणि मधल्या काळात एकाच स्टाफरूममध्ये दोन अभ्यासक्रम चालवावे लागले. 2023 च्या अखेरीस तुमच्यासारख्या अतिथी उपन्यासकांनी सेवा कायम करा म्हणून कामबंद आंदोलन केलं, तेही मुलांच्या तासांवर गेलं आणि ती मागणी चुकीची होती असं मला कधी वाटलं नाही. 'सगळं सुरळीत झालं की दर्जा बघू' असं म्हणत बसलो तर आपल्या भागात तो दिवस उगवायचाच नाही.

मी शिकवत असताना वर्गाला एक गोष्ट नेहमी सांगायचे. 1937 साली जपानी सैन्याने बीजिंग आणि तिआनजिन घेतलं तेव्हा तिथली तीन विद्यापीठं उठून दक्षिणेला गेली आणि 1938 मध्ये युन्नान प्रांतात कुनमिंगला एकत्र उभी राहिली. शेवटच्या टप्प्याला काही प्राध्यापक आणि दोनशेच्या वर विद्यार्थी 68 दिवसांत सुमारे 1,600 किलोमीटर चालत गेले. मातीच्या भिंती, वर पत्रा. पाऊस लागला की पत्र्याचा आवाज एवढा की शिकवणाऱ्याचं ऐकू येत नसे. विमानं आली की पुस्तकं घेऊन डोंगरात पळायचं. त्या पत्र्याखाली शिकलेल्या दोघांना, यांग आणि ली यांना, 1957 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी ही गोष्ट सांगायचे ती नोबेलसाठी नव्हे. आषाढात आमच्या जुन्या इमारतीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असायचा, मला ओरडून बोलावं लागायचं, आणि त्या दिवशी मुलांना कळायचं की असं शिकणारे आपण पहिले नाही.

लॅब गाळात गेली म्हणता. ब्युरेट फुटले असतील, गॅस नसेल. मग हे करून बघा, मी नातवंडांबरोबर स्वयंपाकघरात केलं आहे. मेडिकलमधून सुई नसलेल्या 10 मिलीच्या सिरिंज आणा, दोन मुलांमागे एक. विड्याचा किंवा तंबाखूचा चुना निपाणीत कुणाला विकत आणायला सांगावा लागत नाही. तो भरपूर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळी अलगद काढून घ्या. साधं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी एकोणीस भाग. 5 मिली निवळीत हळदीच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की ती लालसर होते. आता सिरिंजमधून पातळ व्हिनेगर थेंब थेंब सोडत, कप फिरवत राहायचं. थेंब पडतो तिथे पिवळं होतं आणि विरतं, पुन्हा लाल. हे विरणं हळूहळू लांबत जातं आणि एका थेंबाला सगळं पिवळं होऊन पिवळंच राहतं. तो एन्ड पॉइंट. साधारण पाच ते सात मिलीला येईल. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढी एक ताकीद आधी द्या.

याने ब्युरेटचा हात बसणार नाही, हे मान्य. तो शेजारच्या लॅबमधल्या दोन शनिवारांनी बसवा. पण थेंब म्हणजे काय, थांबायचं कधी आणि आकडा आपला स्वतःचा कसा असतो, हे बसेल. जोडीतल्या प्रत्येकाची रीडिंग फळ्यावर लिहून घ्या. 5.8, 6.2, 6.0, एखादा 7.4. मग वर्गाला विचारा, हा 7.4 कुठून आला? त्या चर्चेत मुलं एरर शिकतात. आणि जर्नलात सगळ्यांचे आकडे सारखे आले तर काय समजायचं, हेही तिथेच समजतं. तुम्हाला वेगळं ओरडावं लागणार नाही.

कॉपीबद्दल तुम्ही विचारलंत. असाइनमेंट उतरून आणू दे. फक्त घेताना प्रत्येकाला दोन मिनिटं समोर बसवा, त्यातलाच एक आकडा बदला आणि करायला सांगा. गुण त्या दोन मिनिटांचे. साठ मुलं असली तर दोन तास लागतात, पण साठ वह्या तपासण्यापेक्षा कमीच.

भाषेचं दुखणं मात्र जुनं आहे आणि त्याला नऊ आठवड्यांचा इलाज नाही. तरी एवढं करा. कल्पना मराठीत सांगा, जी मुलं कन्नडमधून आली आहेत त्यांना कन्नडमध्ये. आपल्याकडच्या शिक्षकाला दोन्ही येतात, हे आपलं भाग्य आहे, आणि वर्गातलं कुठलंही पोर आपण मोजलेच जात नाही असं समजून बसता कामा नये. मग उत्तर इंग्रजीत लिहायचं, कारण पेपर इंग्रजीत आहे. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर रोज तीन वाक्यं: पूर्ण वाक्यं, नुसते शब्द नव्हेत. मुलाला 'तीव्रता' माहीत असते, 'कॉन्सन्ट्रेशन'ही पाठ असतं, अडतं ते वाक्य सुरू करताना. नऊ आठवड्यांत दीडशे वाक्यं होतात, आणि दीडशे वाक्यांत पहिल्या सेमिस्टरचं बरंच काही मावतं.

शेवटी तुमच्याबद्दल. तीन महिने पगार नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत. मला ती ओळ सगळ्यात जड गेली. शिकवणाऱ्याच्या घरात किराणा उधारीवर चालला असताना दर्जाबद्दल उपदेश करणं मला शोभत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते: तुमच्या पगाराचा प्रश्न हा दर्जाचाच प्रश्न आहे आणि तो तुमच्या त्यागाने सुटायचा नाही. बरोबरीच्या गेस्ट लेक्चररना घेऊन सह्यांचं निवेदन द्या आणि त्याची पोच ठेवा. रोजच्या कामाला वेळेची हद्द घाला. रात्री अकराला ग्रुपवर शंकांना उत्तरं देत बसू नका, सकाळी वर्गात घ्या. वर मी जे सांगितलं त्यातलं सगळं तुम्हाला एकटीला झेपणार नाही. मग गुणोत्तराचा आठवडा, सिरिंजचं प्रॅक्टिकल आणि दोन मिनिटांची तोंडी, एवढं घ्या. बाकीचं सोडलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

आणि एचओडी ऐकले नाहीत, वरून दबाव आलाच, तर तुमच्या हातचं मूळ गुणपत्रक तारखेसह तुमच्याजवळ ठेवा. भांडू नका, पण तुमच्या सहीचा आकडा तुम्ही मोजलेलाच असू द्या. नेमणूक दहा महिन्यांची असेल, सही तुमचीच आहे.

प्रॅक्टिकल झालं की फळ्याचा एक फोटो काढून मला पाठवाल का? त्यावरचे सगळे वेगवेगळे आकडे मला बघायचे आहेत.

तुमची,
एक निवृत्त प्राध्यापिका, बेळगाव